पुहोल्स गेला तेव्हा: सेंट लुईसच्या चाहत्यांचं प्रकरण

८ डिसेंबर २०११, गुरुवार. अमेरिकेतल्या बेसबॉल संघांच्या हिवाळी बैठका त्या वर्षी डॅलसला भरल्या होत्या आणि त्या दिवशी त्या संपायच्या होत्या. सकाळीच बातमी फुटली: अल्बर्ट पुहोल्स सेंट लुईस कार्डिनल्स सोडून कॅलिफोर्नियातल्या एंजल्स संघाकडे चालला. १० वर्षं, २४ कोटी डॉलर. कार्डिनल्सनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली त्याला अजून सहा आठवडेही झाले नव्हते.

मोठा खेळाडू संघ सोडतो, ही बेसबॉलमध्ये नवलाई नाही. पण हे प्रकरण सुटं काढून पाहण्यासारखं आहे. चाहत्यांचा राग नेमका कशावर होता, तो कुणाकुणाच्या वाट्याला गेला आणि साडेसात वर्षांनी त्याचं काय झालं, हे सगळं यात एका ओळीत सापडतं. शिवाय 'बेसबॉलमधले सर्वोत्तम चाहते' अशी सेंट लुईसची ख्याती आहे, आणि तिथली मंडळीही ती बिरुदावली आनंदाने मिरवतात. ती कसाला लागली ती या वेळी.

गडी कोण होता

पुहोल्सचा जन्म १९८० सालचा, डॉमिनिकन रिपब्लिकमधला. पोरवयात कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला आणि सेंट लुईस ज्यात आहे त्या मिझुरी राज्यातच वाढला. १९९९च्या ड्राफ्टमध्ये (इथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) कार्डिनल्सनी त्याला तेराव्या फेरीत उचललं, एकूण ४०२ क्रमांकावर. म्हणजे कुणालाच फारशी आशा नव्हती. २००१मध्ये मुख्य संघात आला आणि पहिल्याच वर्षी ३७ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) ठोकून सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढची दहा वर्षं त्याचं पुस्तक एकसारखं चाललं: दर मोसमात बॅटिंगची सरासरी .३००च्या वर (म्हणजे दहातल्या तीनपेक्षा जास्त वेळा यशस्वी फटका, 'हिट'), किमान ३० होमरन, किमान १०० धावा घरी आणलेल्या. लागोपाठ पहिले दहा मोसम असे काढणारा त्याच्याआधी कुणी झाला नव्हता. बेसबॉलचे मोठे संघ नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीगमध्ये विभागलेले आहेत; तीनदा आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू (२००५, २००८, २००९), दोनदा वर्ल्ड सीरिज (२००६, २०११).

२०११मध्ये ही मालिका तुटली, तीही केसाच्या फरकाने: सरासरी .२९९, धावा ९९. जूनमध्ये मनगटाचं हाड मोडलं तरी तो काही आठवड्यांत मैदानात परतला. ऑक्टोबरात वर्ल्ड सीरिजच्या तिसऱ्या सामन्यात त्याने एकट्याने तीन होमरन मारले. आणि सहावा सामना तर सेंट लुईसमध्ये अजून तोंडपाठ आहे. नववी इनिंग, कार्डिनल्स दोन धावांनी मागे, एक गडी बाद, आणि पुहोल्स बॅट घेऊन आला. करार संपत आलेला, हरलो तर हा याचा या मैदानातला शेवटचाच डाव, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक. लोक उभे राहिले. त्याने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. पुढे डेव्हिड फ्रीझने तो सामना वाचवला, दुसऱ्या दिवशी सातवाही जिंकला, आणि 'शेवटचा डाव' ही धास्ती लोक विसरून गेले. अजिंक्यपद मिळाल्यावर हा कशाला जाईल?

व्यवहार

जाण्याची तयारी मात्र फेब्रुवारीपासूनच दिसत होती. पुहोल्सने कार्डिनल्सना १६ फेब्रुवारी २०११ ही मुदत दिली होती. त्याआधी नवा करार झाला नाही तर मोसम संपेपर्यंत बोलणं बंद. मुदत टळली. बातम्यांनुसार संघाचा तेव्हाचा देकार ९ वर्षांसाठी २० कोटींच्या आसपास होता. मोसम संपल्यावर मायामीचा संघ पुढे आला. त्यांचं नवं स्टेडियम उघडायचं होतं, पैसा तयार होता, पण खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे धाडणार नाही असं कलम लिहून द्यायला ते तयार नव्हते. कार्डिनल्सचा शेवटचा देकार १० वर्षं, २१ कोटी असल्याचं सांगितलं गेलं, त्यातले काही कोटी बऱ्याच वर्षांनी द्यायचे. मग एंजल्सचे मालक आर्टे मोरेनो उतरले. त्यांच्या संघाचा दूरचित्रवाणी हक्कांचा नवा करार होत होता, सुमारे ३ अब्ज डॉलरचा म्हणतात. २४ कोटी, वर निवृत्तीनंतर दहा वर्षं संघासाठी काम करण्याचा वेगळा १ कोटीचा करार.

इथे नियमातली एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कारण बातम्यांच्या गदारोळात ती बाजूला पडली. पुहोल्स जानेवारीत ३२ वर्षांचा होणार होता; दहा वर्षांचा करार म्हणजे वय ४१-४२पर्यंत. त्या काळी एंजल्सच्या अमेरिकन लीगमध्ये 'डेझिग्नेटेड हिटर' होता, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा खेळाडू. कार्डिनल्सच्या नॅशनल लीगमध्ये तो नव्हता. पिचरलाही, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यालाही, बॅट धरावी लागे. गुडघे आणि टाचा कुरकुरायला लागलेला चाळिशीतला पुहोल्स एंजल्सना बाकावरून उठवून बॅटिंगला पाठवता आला असता. कार्डिनल्सना त्याला नऊ इनिंग फर्स्ट बेसवर क्षेत्ररक्षणाला उभं करावं लागलं असतं. तीच दहा वर्षं दोन लीगमध्ये दोन वेगळ्या किमतीची होती.

राग, आणि त्याचे वाटेकरी

त्या दिवशी सेंट लुईसच्या रेडिओवर दुसरा विषय नव्हता. जर्सी जाळल्याच्या बातम्या आल्या. क्लीव्हलँडमध्ये लेब्रॉन जेम्सच्या जर्सी जळून वर्ष-दीड वर्षच झालं होतं, त्यामुळे हा विधी लोकांना माहीत होता. शहराच्या पश्चिमेला पुहोल्सच्या नावाचं एक रेस्टॉरंट होतं. त्याच्या दारात नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच त्याचा दहा फुटी ब्राँझचा पुतळा बसवला होता. महिनाभरात पुतळ्याचा धनी परगावी! रेस्टॉरंटने यथावकाश नाव बदललं. पुतळा तिथेच राहिला.

पण नुसता 'गेला' म्हणून एवढा राग येत नाही. याच संघातून त्याआधी कितीतरी चांगले खेळाडू गेले आणि लोकांनी हळहळ व्यक्त करून विषय सोडला. इथे दुखणं दुसरं होतं. २००९च्या सुमारास पुहोल्स स्वतःच म्हणाला होता की सेंट लुईससारखी जागा सोडून थोड्या जास्त डॉलरसाठी कशाला कुठे जायचं, पैसा मिळालाय, मला जिंकायचंय. हे वाक्य डिसेंबरात जो तो ऐकवू लागला. बोलाचीच कढी, असा एकूण सूर. २४ कोटी घेणाऱ्यावर लोक रागावतात ते हेव्याने, असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या मते सेंट लुईसचा राग रकमेवर नव्हता. त्याने आधी दिलेल्या शब्दावर लोकांनी मनातल्या मनात एक करार करून टाकला होता आणि तो मोडला गेला होता. पुहोल्सने अशा कुठल्याच करारावर सही केलेली नव्हती, हा भाग वेगळा.

मग काही दिवसांतच त्याची पत्नी दीड्रे एका ख्रिस्ती रेडिओ केंद्रावर बोलली. संघाने सुरुवातीला पाच वर्षं आणि १३ कोटी एवढाच देकार दिला, तो अपमान वाटला, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. घरात तिला हे सगळं किती लागलं असेल ते कळतं. पण १३ कोटींना अपमान म्हणणं हे मिझुरीत ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या कानाला कसं लागलं असेल, तेही कळतं. सारवासारव करायला गेलेली मुलाखत आगीत तेल ओतून आली. काही दिवस निम्मा राग तिच्याच वाट्याला आला, जो तिचा मुळीच नव्हता.

दुसरा गट हिशेबी होता, आणि तो वाटतं त्यापेक्षा मोठा होता. हे लोक मालक बिल डेविट आणि महाव्यवस्थापक जॉन मोझेलियाक यांच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं: ४१ वर्षांच्या फर्स्ट बेसमनला कोण अडीच-तीन कोटी देतं? कॅलिफोर्नियाचा आयकर मिझुरीपेक्षा कितीतरी जास्त, तर हातात पडणारा फरक किती? असेना का महान, म्हातारपणाचा खर्च दुसऱ्याच्या माथी गेला तर सुंठीवाचून खोकला गेला. संघाची निर्णयपद्धती चाहत्यांनी इतकी आत्मसात केली होती की ते स्वतःच व्यवस्थापक असल्यासारखे बोलत होते. वाईट वाटलं तरी चालेल, तोटा नको.

तिसरा गट मालकाला दोष देणारा. संघातल्याच मॅट हॉलिडेला १२ कोटी देता, आणि ज्याने दोन अजिंक्यपदं दिली त्याच्याशी घासाघीस करता? या बाजूला दम होता, पण आवाज फार चढला नाही. संघ नुकताच जिंकलेला होता, आणि जिंकणाऱ्या मालकावर फार वेळ डाफरता येत नाही.

शहराची जुनी कागदपत्रं

सेंट लुईसला सोडून जाण्याचा अनुभव पुष्कळ आहे. १९५०मध्ये शहराची लोकसंख्या ८ लाख ५६ हजार होती. २०१०च्या जनगणनेत ३ लाख १९ हजार. बास्केटबॉलचा संघ १९६८मध्ये अटलांटाला गेला, फुटबॉलचा कार्डिनल्स संघ १९८८मध्ये ॲरिझोनाला. अनहायझर-बुश ही बिअर कंपनी, जिच्याकडे बेसबॉल संघाची मालकी चार दशकांहून अधिक काळ होती आणि जिचं नाव स्टेडियमवर आहे, ती २००८मध्ये परदेशी कंपनीने घेतली. शहराचा जीव अडकला होता तो बेसबॉलच्या संघात आणि त्यातल्या एका माणसात. बातमी एवढी खोल का लागली, ते यावरून उमगतं.

निष्ठेचं माप म्हणून लोक स्टॅन म्युझियलचं नाव काढत होते. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. १९४१पासून १९६३पर्यंत, नौदलातलं एक वर्ष वगळता, तो फक्त कार्डिनल्ससाठी खेळला. लोक त्याला 'द मॅन' म्हणत. पुहोल्सला कुणी स्पॅनिशमध्ये 'एल होम्ब्रे' म्हणायला लागलं तेव्हा त्याने स्वतः नको म्हटलं होतं, की तो मान म्युझियलचा. एंजल्सच्या जाहिरातवाल्यांनी २०१२मध्ये नेमकं तेच नाव फलकांवर छापलं. पुहोल्सला ते रुचलं नाही, पण सेंट लुईसमध्ये व्हायचं ते होऊन गेलं.

म्युझियलशी ही तुलना मला अर्धीच पटते. त्याच्या काळी करारात 'राखीव कलम' असायचं. संघ सोडेपर्यंत खेळाडू संघाचाच. निष्ठा होतीच, पण दारही बाहेरून बंद होतं. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की १९४६मध्ये मेक्सिकन लीगने त्याला मोठ्या रकमेचं आमिष दाखवलं होतं आणि तो गेला नाही. एक खिडकी उघडी होती, तिच्यातून त्याने उडी मारली नाही. तरी पुहोल्सपुढे होता तसा खुला बाजार त्याने कधी पाहिलाच नाही.

आणि तो बाजार उघडण्याची पहिली मोठी लढाई कुणी केली? कार्डिनल्सच्याच कर्ट फ्लडने. १९६९मध्ये बारा मोसम सेंट लुईसला खेळल्यावर संघाने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याला कळलं ते फोनवरून. तो गेला नाही. बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहिलं की मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९७२मध्ये तो हरला, कारकीर्दही गेली. राखीव कलम पडलं ते १९७५च्या शेवटी, दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात. संघाने खेळाडूला काढलं तर तो धंदा आणि खेळाडूने संघ सोडला तर ती गद्दारी, हा हिशेब निदान या गावात तरी कुणी मांडू नये. पुष्कळांनी मांडला.

आपल्याकडच्या आयपीएलमध्ये हे दुखणं इतकं तीव्र होत नाही, कारण तिथे लिलाव आहे. बोली लावणारे लावतात, खेळाडू बसून पाहतो; चाहत्याला नशिबाला बोल लावण्याची सोय आहे. फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळा झालेला खेळाडू, मात्र टेबलावर दोन कागद ठेवतो आणि त्यातला एक उचलतो. दुसरा कागद आपल्या गावाचा असतो.

पुढे काय झालं

कार्डिनल्स कोसळले नाहीत. व्यवस्थापक टोनी ला रूसा जिंकल्याबरोबर निवृत्त झाले होते, पुहोल्स गेला, तरी कार्लोस बेल्ट्रानला दोन वर्षांसाठी घेऊन नव्या व्यवस्थापकाखाली संघ २०१२मध्ये लीगच्या अंतिम फेरीच्या (वर्ल्ड सीरिजच्या आधीची पायरी) सातव्या सामन्यापर्यंत पोचला. प्रेक्षक घटले नाहीत, वाढले: २०११मध्ये सुमारे ३१ लाख, २०१२मध्ये ३२ लाख ६० हजारांच्या आसपास. राग रेडिओवर होता, तिकीटखिडकीपर्यंत गेला नाही. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून मिळालेल्या ड्राफ्टमधल्या जागांवर मायकल वाका आणि स्टीफन पिस्कॉटी आले. वाकाने २०१३मध्ये, २२ वर्षांचा असताना, लीगच्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेतला आणि संघ वर्ल्ड सीरिजला गेला. (बॉस्टनकडून हरला. पण गेला.)

तिकडे एंजल्सकडे पुहोल्सचा पहिला एप्रिल कोरडा गेला, पहिला होमरन ६ मे रोजी. टाचेचं दुखणं मागे लागलं. ५००, ६०० होमरन, ३००० हिट असे टप्पे तिथेच झाले, पण सरासरी सेंट लुईसच्या .३२८वरून .२५६वर आली. त्याच्या काळात एंजल्स प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) एकदाच गेले, २०१४मध्ये, आणि तिन्ही सामने हरले. सेंट लुईसमधले हिशेबी लोक दर मोसमाला हे आकडे पाहत होते आणि दर मोसमाला त्यांचा राग थोडा उतरत होता.

मग वेळापत्रकाची गंमत. दोन लीगमधले संघ तेव्हा एकमेकांशी दर वर्षी खेळत नसत. पाळी फिरत फिरत यायची, आणि एंजल्सची सेंट लुईसला जाण्याची पाळी आली ती थेट जून २०१९मध्ये. मी या प्रकरणात या योगायोगाला सगळ्यात जास्त वजन देतो. सिएटलचं उदाहरण घ्या. ॲलेक्स रॉड्रिग्ज २००० सालच्या डिसेंबरात २५ कोटी २० लाखांवर टेक्सासला गेला आणि चार महिन्यांत, एप्रिल २००१मध्ये, जुन्या मैदानात खेळायला आला. लोकांनी हुर्यो उडवली, खोट्या डॉलरच्या नोटा फेकल्या. त्या वर्षी सिएटलने ११६ सामने जिंकले, तरी राग जिरला नाही. म्हणजे संघ जिंकत राहिला की चाहता माफ करतो, हे गणित पुरेसं नाही. मध्ये काळ जावा लागतो. पुहोल्स एप्रिल २०१२मध्ये सेंट लुईसला आला असता तर 'सर्वोत्तम चाहत्यां'नी काय केलं असतं, यावर मी पैज लावणार नाही.

आला तो २१ जून २०१९ला, ३९ वर्षांचा. त्याचं नाव पुकारताच सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि एक मिनिटाहून जास्त वेळ टाळ्या थांबल्या नाहीत. कॅचर याडिएर मोलिना, त्याचा जुना सोबती, वेळ काढत प्लेटच्या पुढे आला आणि दोघांनी मिठी मारली. पुहोल्सने हेल्मेट काढून सगळ्या बाजूंना दाखवलं. पिचर चेंडू हातात घेऊन थांबला होता. तो मायकल वाका होता, म्हणजे पुहोल्सच्या जाण्याच्या बदल्यात मिळालेला खेळाडू. दुसऱ्या दिवशी पुहोल्सने कार्डिनल्सचा पिचर डकोटा हडसनला होमरन मारला, आपल्याच जुन्या संघाविरुद्ध, आणि कार्डिनल्सच्या चाहत्यांनी त्याला पुन्हा बाहेर बोलावून टाळ्या दिल्या.

त्या टाळ्या खऱ्या होत्या, यात शंका नाही. त्या स्वस्तही होत्या. व्यवहार आपल्याला लाभला आहे, हे कळल्यावर उदार होणं सोपं जातं. बॉस्टनने फेब्रुवारी २०२०मध्ये मुकी बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवलं, त्याने डॉजर्सशी १२ वर्षांचा ३६ कोटी ५० लाखांचा करार केला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली. तिथला राग मालकांवर आहे आणि तो निवलेला नाही. खेळाडूने स्वतः सही करून जाणं आणि संघाने त्याला पाठवणं, यात राग कुठल्या दारी जातो ते ठरतं. तो किती टिकतो, ते मात्र पुढच्या मोसमांवर.

मे २०२१मध्ये, कराराचं शेवटचं वर्ष चालू असताना, एंजल्सनी पुहोल्सला मोकळं केलं. २०२२पासून नॅशनल लीगमध्येही डेझिग्नेटेड हिटर आला, आणि जी अडचण २०११मध्ये होती ती राहिलीच नाही. मार्चमध्ये कार्डिनल्सनी त्याला एका वर्षासाठी २५ लाख डॉलरवर परत घेतलं. त्याचा ५ क्रमांक मधल्या सगळ्या वर्षांत कुणाला दिला नव्हता. ४२व्या वर्षी त्याने २४ होमरन मारले. २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये कारकीर्दीतला ७००वा, आणि शेवट ७०३वर. त्याच्या पुढे फक्त बाँड्स, ॲरन आणि रूथ.

कागदोपत्री मात्र तो त्यानंतर एंजल्सचाच माणूस झाला, कारण निवृत्तीनंतरचा तो दहा वर्षांचा करार २०२३मध्ये सुरू झाला. त्या वसंतात तो त्यांच्या सराव शिबिरात पोरांना बॅटिंग शिकवायला गेलाही. सेंट लुईसमध्ये यावर कुणी रेडिओला फोन केल्याचं ऐकिवात नाही. तिथे चर्चा आहे ती २०२८ची: हॉल ऑफ फेमसाठी (महान खेळाडूंना मान देणारं बेसबॉलचं संग्रहालय) तो तेव्हा पात्र होईल, आणि तिथल्या ब्राँझच्या पाटीवर कोरलेल्या चेहऱ्याच्या टोपीवर चिन्ह कुणाचं असावं हे ठरवायचा अधिकार संग्रहालयाचा असतो, चाहत्यांचा नसतो.